दोन पाय आणि अडीचशे वॅट

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल नसेल, नववीतील एक मुलगी मधल्या सुटीत माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, बाबा मला विजेवर चालणारी दुचाकी घेऊन देणार आहेत. तिला धूर नाही, आवाज नाही आणि लायसन्सही लागत नाही. म्हणजे पर्यावरणाला मदतच होईल ना?" मी घाईत होते. "होईल की!" असे म्हणून मोकळी झाले. संध्याकाळी घरी जाताना मात्र लक्षात आले की, तिला एक प्रश्न विचारायचा राहूनच गेला. आजवर ती शाळेत कशी येत होती?

ती सायकलने येत होती. घर चार किलोमीटरवर, रस्ता सगळा सपाट.

विज्ञान शिकवणाऱ्या बाईने असे अर्धवट उत्तर देणे बरे नव्हे. वर्गात मी माझी चूक कबूल केली आहे. पण हाच प्रश्न आज घरोघरी विचारला जात असल्यामुळे ती दुरुस्ती येथेही करावी असे वाटते.

विजेची दुचाकी चांगली की वाईट, या प्रश्नाला उत्तर नाही. ती कोणाच्या जागी आली ते आधी सांगा, मग उत्तर देता येईल. पेट्रोलच्या स्कूटरच्या जागी आली असेल तर फायदा आहे. सायकलच्या जागी आली असेल तर तोटा आहे, आणि तो लहानसहान नाही. विद्यार्थी मित्रांनो, हे माझे नुसते मत म्हणून स्वीकारू नका; आपण थोडेसे गणित करून पाहू.

मुलीचे वजन ५५ किलो, दप्तर ५ किलो आणि सायकल १८ किलो धरू. एकूण ७८ किलो. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाताना दोन गोष्टी तिला मागे खेचतात. एक म्हणजे टायर रस्त्यावर लोळताना होणारा विरोध, सुमारे ५ न्यूटन. दुसरा हवेचा विरोध, सुमारे ६ न्यूटन. चेनमधले घर्षण मिळवले तर १२ न्यूटन धरायला हरकत नाही. या वेगाने ती सेकंदाला ४.२ मीटर जाते. बलाला वेगाने गुणले की शक्ती मिळते, म्हणजे सुमारे ५० वॅट. घरातला छताचा पंखा बहुधा याहून जास्त वीज घेतो!

चार किलोमीटरला कार्य झाले सुमारे ४८ किलोज्यूल. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कार्यात उतरवतात. बाकीची उष्णता होते, म्हणून तर घाम येतो. तेव्हा अन्नातून खर्च होतात सुमारे २००ते २४० किलोज्यूल, म्हणजे ५०-६० किलोकॅलरी. एका मध्यम चपातीतही याहून अधिक असतात. भाकरी-चपाती पिकवायलाही ऊर्जा लागते असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. पण ती मुलगी स्कूटरवर बसली म्हणून जेवायची थांबणार आहे थोडीच?

आता तेच अंतर पेट्रोलच्या स्कूटरवर कापू. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी स्कूटर चार किलोमीटरसाठी लिटरचा सुमारे अकरावा हिस्सा पेट्रोल जाळते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३३ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे खर्च झाला सुमारे २,९०० किलोज्यूल, सायकलच्या बारा ते चौदा पट. यातला बराचसा भाग इंजिन तापवण्यात जातो, आणि जो चाकांपर्यंत पोचतो त्यातला मोठा वाटा शंभर-एकशेदहा किलोच्या स्कूटरलाच हलवण्यात जातो. पंचावन्न किलोची मुलगी ही त्या गाडीवरचे किरकोळ सामान असते!

विजेच्या स्कूटरचा हिशेब पुष्कळच बरा आहे. इंजिनापेक्षा विजेची मोटर कितीतरी कार्यक्षम असते, आणि सिग्नलला उभी असताना ती काहीच खात नाही. किलोमीटरला २५ वॅट-तास धरले तर चार किलोमीटरला १०० वॅट-तास, म्हणजे ३६० किलोज्यूल. परंतु ही वीज भिंतीतल्या प्लगमध्ये तयार होत नाही. आपल्या देशातील सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजूनही कोळशापासून येते, आणि कोळशाच्या केंद्रात तीन भाग उष्णता जाळावी तेव्हा जेमतेम एक भाग वीज हाती लागते. म्हणजे कोळशापासून मोजले तर हा आकडा हजार किलोज्यूलच्या वर जातो. पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा तो बराच कमी आहे, हे निःशंक मान्य करावे. शिवाय रस्त्यावर धूर नाही, हा शहरातल्या फुफ्फुसांना मोठाच दिलासा. पण सायकलशी तुलना करा. जिथे कोळसा शून्य लागत होता, तिथे तो जाळायला आपण सुरुवात केली, आणि वर त्याला पर्यावरणाचे काम म्हणालो.

मग सायकलला मोटर लावण्यात काही अर्थच नाही का? आहे, आणि चांगलाच आहे. तोही गणितातूनच दिसतो. समजा, रस्ता दर वीस मीटरला एक मीटर चढतो. वीस मीटरला एक मीटर ऐकायला किरकोळ वाटते. पण ७८ किलो वजन वर चढवण्यासाठी आणखी ३८ न्यूटन लागतात, म्हणजे सपाटीवरच्या एकूण विरोधाच्या तिप्पट. ताशी १५ चा वेग टिकवायचा तर २०० वॅट हवेत. सराव नसलेल्या निरोगी माणसाचे पाय बराच वेळ ७५ ते १०० वॅट देऊ शकतात. २०० वॅट द्यायला लागले की दोन-चार मिनिटांत छाती भरून येते. गणेशखिंडीच्या चढावर उतरून सायकल ढकलणाऱ्यांना हे कोणी शिकवण्याची गरज नाही. अशा वेळी उरलेले शंभर वॅट एखाद्या लहानशा मोटरने दिले, तर चढ सपाट झाल्यासारखा वाटतो. साठी ओलांडलेली माणसे, गुडघे दुखणारी माणसे, पाठीमागे ओझे बांधून रोज पंधरा-वीस किलोमीटर जाणारी माणसे, यांच्यासाठी हा शोध वरदानच आहे. सपाट असलेल्या नेदरलँड्समध्येही अलीकडे विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींपैकी निम्म्याच्या आसपास विजेच्या असतात. तिथे डोंगर नसले तरी समोरून येणारा वारा आणि उतारवय आहेच.

कल्पना तशी जुनी आहे. ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन माणसाला विजेच्या सायकलीचे पेटंट १८९५ साली मिळाले होते. पण त्या काळच्या शिशाच्या जड बॅटऱ्यांमुळे ती कागदावरच राहिली. खरा बदल घडला तो १९९३ मध्ये. जपानच्या यामाहा कंपनीने बाजारात आणलेल्या सायकलीत पेडलवर पाय किती जोर देतो हे मोजणारा एक संवेदक होता. तुम्ही जोर द्याल त्या प्रमाणात मोटर आपला जोर त्यात मिळवणार. तुम्ही थांबलात की तीही थांबणार. हा विचार मला फार आवडतो. यात मोटर मदतनीस आहे. घाटात मालगाडीला मागून जोर देणारे दुसरे इंजिन असते ना, तसे काहीसे.

अशा सायकलीला किलोमीटरमागे सात-आठ वॅट-तास पुरतात, म्हणजे विजेच्या स्कूटरच्या एक-तृतीयांश. बॅटरीही लहान, दोन-तीन किलोची. ती संपली तर पाय आहेतच.

या सायकलीत आणि मूठ पिळली की धावणाऱ्या गाडीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुर्दैवाने दुकानात दोन्हींना एकच नाव आहे, 'ई-बाइक'. आणि नववीतल्या मुलांसाठी जी घेतली जाते, ती बहुतेक दुसऱ्या प्रकारची असते. तिला पेडल असले तरी शोभेचे.

येथे मला माझ्या लूनाची आठवण येते. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली काढलेली ही पन्नास सीसीची मोपेड तुमच्या आजी-आजोबांना चांगली ठाऊक असेल. लूनालाही पेडले होती! मी दहा-बारा वर्षे ती चालवली. पेडल मारून ती सुरू करायची आणि पेट्रोल संपले तर पेडल मारत घरी न्यायची, अशी सोय होती. मी किती वेळा पेडल मारत घरी गेले? आठवते त्याप्रमाणे दोनदा, आणि दुसऱ्यांदा निम्म्या वाटेत पाय दुखायला लागले म्हणून लूना ढकलत नेली. ज्या मुलीने कॉलेजात असताना रोज सोळा किलोमीटर सायकल मारली होती, तिचे पाय लूनाने पाचच वर्षांत मऊ करून टाकले होते. पेडल असूनही पाय वापरले जात नाहीत. सुखाची मूठ हाताशी आली की पायाला सुटी मिळते, आणि ही सुटी संपत नाही.

असे एकटीचे झाले नाही. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. आज तेच पुणे स्वयंचलित दुचाकींचे शहर म्हणून ओळखले जाते. हा बदल कोणा एकाने ठरवून केला नाही. घराघरांत, एकेका जूनमध्ये, एकेका सायकलीच्या जागी गाडी आली.

आता लायसन्सविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ज्या विजेच्या दुचाकीची मोटर अडीचशे वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, तिला मोटार वाहन समजले जात नाही. म्हणून नोंदणी नको आणि लायसन्सही नको. ही सवलत सायकलीसारख्या वाहनासाठी आहे. पण "कागदावर अडीचशे, पळते पंचेचाळीसने," असे गालात हसत सांगणारे विक्रेतेही मी ऐकले आहेत. तुम्ही दहावीपर्यंतचे भौतिकशास्त्र नीट शिकला असाल, तर असे बोलणे तिथल्या तिथे तपासू शकता. गाडी आणि माणूस मिळून १४० किलो धरा. ताशी ४५ किलोमीटर वेगाला हवेचा आणि टायरचा मिळून विरोध साधारण ८५ न्यूटन होतो. त्याला सेकंदाला साडेबारा मीटर या वेगाने गुणा. उत्तर हजार वॅटच्या वर जाते! म्हणजे सपाटीवर सतत ४५ ने पळणारी गाडी अडीचशे वॅटची असूच शकत नाही. कागद तरी खोटा आहे, नाहीतर कोणीतरी आत बदल केला आहे. २०२२ साली महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमही हाती घेतली होती. अशी गाडी कायद्याने मोटार वाहनच ठरते. आणि अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. "लायसन्स लागत नाही" असे म्हणणाऱ्या बाबांनी हेही वाचावे.

पण खरी अडचण कायद्याची नाही, आणि आई-बाबांचीही नाही. त्यांना भीती वाटते. "रस्त्यावर सायकलने कसे पाठवायचे, बाई? गाड्या अंगावर येतात," असे पालकसभेत दरवर्षी कोणीतरी म्हणते. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. ते खरे आहे. मात्र धोका कशात आहे ते पाहा. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ७८ किलोची सायकल आणि मुलगी ताशी १५ ने जात असताना ती ऊर्जा सुमारे ६८० ज्यूल भरते. १७० किलोची स्कूटर आणि स्वार ताशी ४५ ने जात असतील तर ती १३,००० ज्यूलच्या वर जाते, जवळजवळ वीसपट. रस्त्यावर भीती निर्माण करते ती ही वीसपट. आणि त्यावर आपला उपाय काय? आपल्या मुलालाही त्या वीसपटवाल्यांत सामील करायचे. म्हणजे शेजारच्या मुलाच्या आईला आणखी एका गाडीची भीती. मग ती आपल्या मुलाला गाडी घेते. असे करत करत शेवटचा सायकलवाला रस्त्यावरून नाहीसा होतो आणि त्याच्यासाठी आखलेल्या सायकलमार्गावर गाड्या उभ्या राहतात. पुण्यात हे पाहायला फार लांब जावे लागत नाही.

"वेळ वाचतो" हे दुसरे कारण. चार किलोमीटरला सायकलने १६ मिनिटे लागतात. सकाळच्या गर्दीत सिग्नल धरून स्कूटरचा सरासरी वेग ताशी २० पडला तर १२ मिनिटे. चार मिनिटे वाचली. त्या चार मिनिटांची किंमत काय?

इव्हान इलिच या विचारवंताने १९७४च्या 'एनर्जी अँड इक्विटी' या पुस्तकात एक गमतीचा हिशेब मांडला होता. अमेरिकन माणूस गाडीत बसून घालवतो तो वेळ आणि गाडीचा खर्च भागवण्यासाठी राबतो तो वेळ, दोन्ही मिळून वर्षाला सोळाशे तासांहून अधिक भरतात. इतक्या वेळात तो साडेसात हजार मैल जातो. भागाकार केला तर त्याचा खरा वेग ताशी आठ किलोमीटरहूनही कमी! हाच हिशेब आपल्याकडे करू. समजा, एक गृहस्थ तासाला शंभर रुपये मिळवतात. स्कूटरचा हप्ता, पेट्रोल, दुरुस्ती आणि विमा मिळून महिन्याला चार हजार रुपये जातात, म्हणजे ४० तासांची कमाई. महिन्याला ३०० किलोमीटर ताशी २० ने कापायला १५ तास. एकूण ५५ तासांत ३०० किलोमीटर, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर. इतका वेग तर भरभर चालणाऱ्याचा असतो! सायकलीवर तेच अंतर २० तासांत जाते. दुरुस्तीचे महिन्याला दोनशे रुपये म्हणजे आणखी २ तास. वेग पडला ताशी साडेतेरा. तासाला पाचशे मिळवणाऱ्या माणसाची स्कूटरही सायकलच्या थोडी मागेच राहते, तेही करून पाहा. आकडे मी गृहीत धरले आहेत. तुमच्या घरचे खरे आकडे आई-बाबांना विचारून भरा. उत्तर ऐकून घरात थोडी शांतता पसरण्याचा संभव आहे.

आणि वाचलेल्या चार मिनिटांचे आपण करतो काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल हवी. २०१६ सालच्या आकडेवारीप्रमाणे जगातील ११ ते १७ वयोगटातील पाचपैकी चार मुलांना ती मिळत नव्हती. शाळेत जाण्या-येण्यात सायकलवर अर्धा तास सहज होतो. तो सोडून द्यायचा, आणि मग महिन्याला पैसे भरून जिममध्ये जागेवरच उभी असलेली सायकल चालवायला जायचे!

साध्या सायकलीचे सामर्थ्य कमी लेखू नका. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या त्या वयाच्या मुलींचे प्रमाण त्यामुळे सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाखाली अनेक तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात. दोन चाके, एक चेन आणि मुलीचे स्वतःचे पाय. शाळा लांब आहे हे कारण त्याने संपवले.

मला खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. माझ्या सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या एक मावशी पन्नाशी ओलांडलेल्या आहेत. टेकडीपलीकडून रोज सायकल ढकलत चढ चढून त्या चार घरी जातात. मोटरची मदत खरोखर हवी असेल तर ती त्यांना. पण साधी सायकल सहा-सात हजारांत येते, आणि मोटरची चांगली सायकल पंचवीस-तीस हजारांच्या पुढे. ती त्यांना परवडत नाही. ज्यांना परवडते ते ती चौदा वर्षांच्या, धडधाकट पायांच्या मुलांना, सपाट रस्त्यावरच्या चार किलोमीटरसाठी घेऊन देतात; तीही पेडलची नव्हे, मूठ पिळायची. सरकारने सवलती द्यायच्याच असतील तर पेडल मारल्यावरच मदत करणाऱ्या सायकलींना आणि मावशींसारख्यांना आधी द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. चौदा वर्षांच्या मुलांना त्या रांगेत उभे राहायचे कारण नाही.

त्या नववीच्या मुलीला मी हे सगळे आकडे दिले. तिने ते घरी नेले. गाडीचा बेत सध्या पुढे ढकलला आहे, रद्द झालेला नाही. बाबांनी फक्त "दिवाळीत बघू" असे म्हटले आहे. पावसाचा जोर असतो त्या दिवशी ते तिला स्कूटरवर सोडतात, एरवी ती सायकलवर येते. तिची मैत्रीण मात्र टेकडीवरच्या वस्तीत, नऊ किलोमीटरवर राहते. तिने पेडलला मदत करणारी सायकल घ्यावी का, असे तिच्या आईने मला विचारले. मी "जरूर घ्या" म्हणाले, आणि या वेळी विचार करून म्हणाले.

आमच्या सायकल-स्टँडमध्ये चार्जिंगसाठी प्लग बसवावेत, असा काही पालकांचा अर्ज शाळेकडे आला आहे. त्याच स्टँडच्या कोपऱ्यात हवा भरायचा एक पंप आहे. त्याचा वॉशर गेल्याला तीन वर्षे झाली. प्लग बसवण्याआधी तो वॉशर बदलावा, असे मी लेखी कळवले आहे.